पाडव्याचं दही

जयवंती सबनीस आमच्या ब्लॉकमध्ये राहायला आली त्याच दिवशी लिफ्टमध्ये आमचं भांडण झालं. भाजीच्या पिशव्या आत घेईपर्यंत मी दार पायानं अडवून धरलं होतं आणि ही मागून हिंदीत म्हणाली, "लिफ्ट आपकी अकेली की नहीं है." मी मराठीत पुटपुटले, "आली मोठी शहाणी." त्यावर ती इतकी मोठ्यानं हसली की तिच्या कडेवरचं पोर दचकून रडायला लागलं. ते पोर म्हणजे रुचिर. परदेशात, तोआ पायोहच्या वस्तीत आपल्याच ब्लॉकमध्ये मराठी माणूस सापडलं, या आनंदात भांडण तिथेच मिटलं. पुढे आमची भांडणं पुष्कळ झाली, पण अबोला कधी झाला नाही.

ती मूळची चिपळूणची. नवरा शामकांत मरीन इंजिनिअर. आधी बोटीवर असायचा, रुचिर झाल्यावर सेम्बावांगला जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरीला लागला. उजाडायच्या आत बस पकडायचा आणि संध्याकाळी डिझेलचा वास घेऊन घरी यायचा. तो गरजेपुरतं बोलायचा, उरलेलं सगळं जयवंती बोलायची. ती इथल्या एका चाइल्डकेअरमध्ये शिकवायची. चिनी, मलय, तमिळ, कुठलंही पोर भोकाड पसरून बसलं की ही त्याला मांडीवर घेऊन म्हणायची, "काय झालं रे माझ्या बाळा?" पोराला त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण ते गप्प व्हायचं.

तिची एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती. बोललं की बोललं. "तुझ्याकडच्या सत्यनारायणाला शिरा मी करीन" म्हणाली, तर अंगात ताप असला तरी शिऱ्याचं पातेलं घेऊन दारात हजर. त्याचं मला कौतुक होतं. पंचाईत अशी, की दुसऱ्यानं दिलेला शब्दही ती तितकाच पक्का धरून चालायची. हा गुण म्हणावा की खोड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

समोरच्या ब्लॉकमध्ये मेधा आणि प्रबोध राहायचे. दोघंही पुण्याचे, दोघंही तांजोंग पगारला बँकांच्या कॉम्प्युटर खात्यांत. त्यांचा सौमित्र रुचिरच्याच वयाचा. जयवंतीच्या आणि मेधाच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर होत्या. मेधाला ऑफिसात उशीर होणार असला की ती फोन करायची आणि सौमित्र शाळेतून थेट जयवंतीकडे यायचा. तो पोरगा निम्मा जयवंतीच्या हातचं खाऊन वाढला. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. म्हणजे आता थोडा टोमणा आहेच, पण खरंही आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या देशात बापानं पी.आर. घेतली, म्हणजे कायम राहायची परवानगी घेतली, आणि मुलाचंही नाव त्यात घातलं, की तो मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला दोन वर्षं लष्करात जावंच लागतं. एन.एस. म्हणतात त्याला. इथल्या प्रत्येक चिनी, मलय, तमिळ घरातला मुलगा जातो, तसंच आपल्या मुलानंही जायचं. शाळा इथली, दवाखाने इथले, फ्लॅट इथला, मग दोन वर्षंही इथली. हिशेब साधा आहे. पण आमच्या लोकांना हिशेबाची पहिली बाजूच तेवढी तोंडपाठ असते. मुलगा बारा-तेराचा होत आला की घराघरांत कुजबुज सुरू होते. कुणी पी.आर. सोडून देतं, कुणी मुलाला आजीकडे पाठवतं, कुणाची अचानक ऑस्ट्रेलियाला बदली होते.

जयवंतीच्याही डोक्यात ते आलं होतं. रुचिर एकुलता एक, त्यात लहानपणी दम्यानं बेजार झालेला. तिची बहीण पुण्याला होती. "मी त्याला तिच्याकडे ठेवते," असं तिनं एका रविवारी आमच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये चहा पिताना सांगून टाकलं. तेव्हा मेधा काय बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी शेजारीच बसले होते.

"वेडी आहेस का जया? ज्यांचं खाल्लं त्यांच्या घरचे वासे मोजायचे? आपली दोन्ही पोरं बरोबर जातील. एका बोटीतून जातील. आपण चौघं त्यांना पोचवायला जाऊ. मी आहे ना."

त्या "मी आहे ना"वर जयवंतीनं बहिणीला 'नको' म्हणून कळवलं. रुचिर इथेच राहिला.

एवढ्यावर मेधा थांबली नाही. आमच्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तिनं एक नवी प्रथा सुरू केली. त्या वर्षी लष्करात जाणारी मुलं असतील त्यांना पाटावर बसवायचं, सगळ्या आयांनी त्यांचं औक्षण करायचं आणि मंडळातर्फे एक पिशवी द्यायची. पिशवीत टॉर्च, सेफ्टी पिना, पावडर, कपड्यांचे हँगर आणि लॉकरला लावायचं एक पिवळं कुलूप. दर वर्षी मेधा माइकवर दोन शब्द बोलायची. कर्तव्य, कृतज्ञता, कर्मभूमी. बोलायची छान. ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी सहजासहजी पाणी काढणारी बाई नाही.

२०१४ च्या पाडव्याला आमच्या दोघांची पाळी आली. आमच्या म्हणते, कारण तोवर ती दोन्ही पोरं सगळ्या ब्लॉकची झाली होती. दोघांनाही एप्रिलमधली एकच तारीख आली होती. कार्यक्रम पाडव्यानंतरच्या रविवारी होता आणि त्यानंतर आठवड्यानं पोरांना जायचं होतं. दोन पाट मांडले, भोवती रांगोळी काढली. रुचिर झब्ब्यात अवघडून बसला होता. सौमित्र उंच, देखणा, हसत होता. मेधानं दोघांनाही ओवाळलं, अंगठी-सुपारी फिरवली, पेढा भरवला. मग तिनं घरून आणलेली एक छोटी वाटी उघडली आणि सौमित्रच्या तळहातावर दही घातलं.

आपल्याकडे दही कधी देतात ते सांगायला नको. माणूस उंबऱ्याबाहेर पडत असतो तेव्हा. आठवडाभर आधी कुणी देत नाही.

जयवंती हसली. "अगं मेधा, दही आत्ताच? निघायच्या दिवशी द्यायचं ना!"

मेधाचे डोळे एकदम भरून आले. "असू दे गं," म्हणाली, "आज सुचलं म्हणून आणलं."

जयवंतीला वाटलं, आईच ती, हळवी झाली. मग मेधाला एकटं वाटू नये म्हणून तिनं त्याच वाटीतलं दही घेऊन रुचिरच्याही हातावर घातलं. रुचिरनं ते चाटलं नाही. कितीतरी वेळ नुसता हाताकडे बघत राहिला. मला वाटलं, पोरगं घाबरलंय. जयवंतीलाही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सौमित्र जेवायला आला नाही. जयवंतीनं खिडकीतून हाक मारली. मेधा म्हणाली, पुण्याला आजी अचानक आजारी पडली, तो काल रात्रीच गेला, चार दिवसांत येईल. जयवंतीनं देवापुढे दिवा लावला. आजीसाठी.

चार दिवस झाले, सहा झाले. मेधा फोनवर "येतोय, येतोय" म्हणत राहिली. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. जायच्या दिवशी सकाळी जयवंतीनं सहा माणसांना पुरतील एवढे ठेपले बांधून घेतले. ठरल्याप्रमाणे सगळे बरोबर जाणार होते ना! खाली उभी राहून तिनं मेधाला फोन लावला, तो बंद होता. शामकांत म्हणाला, "चल. तिथेच भेटतील." तिला ते पटलं, कारण मेधा बोलली होती.

तेकोंग हे लष्कराचं बेट आहे. तिथे जायला फेरी असते आणि पहिल्या दिवशी आईबापांना बरोबर नेतात. मुलांच्या खोल्या दाखवतात, जेवायला घालतात, मुलं हात वर करून शपथ घेतात आणि आईबाप परत फिरतात. हे मला जयवंतीनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तिथल्या हॉलमध्ये एक पोरगेला शिपाई नावं पुकारत होता. सौमित्रचं नाव त्याला नीट उच्चारताही येत नव्हतं. त्यानं ते परत परत पुकारलं. जयवंती मान वळवून वळवून दाराकडे बघत होती. तिला खरंच वाटत होतं की टॅक्सी अडकली असेल आणि आता तिघं धावत येतील.

पुढच्या रांगेतली एक चिनी बाई नवऱ्याला इथल्या लाह-माहवाल्या इंग्रजीत म्हणाली, "नेव्हर कम आ? शुअर रन ऑलरेडी लाह." नवरा म्हणाला, "पी.आर. माह. ऑल्वेज लाइक दॅट." आणि दोघांनी वळून जयवंतीकडे पाहिलं, कारण त्या भागात साडीतली ती एकटीच होती.

"नंदा, मी मान खाली घातली," ती मला म्हणाली. "माझा मुलगा तिथे हात वर करून शपथ घेत होता आणि मी मान खाली घालून बसले होते."

परत येताना फेरीत तिला त्या दह्याचा अर्थ लागला. सौमित्र अचानक गेलाच नव्हता. मेधानं दही लेकाला विमानात बसवण्यासाठी दिलं होतं, आणि ओवाळणी, पेढा, टाळ्या, सगळं त्याला निरोप म्हणून पदरात पाडून घेतलं होतं. पिशवीसुद्धा घेतली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं मी म्हणाले. ठेपल्यांचा डबा तसाच भरलेला होता. तो जयवंतीनं माझ्या हातात दिला आणि ती आत जाऊन झोपली.

आता लोकांचं काय झालं ते ऐका, कारण मला राग येतो तो मेधाहून लोकांचा जास्त.

पहिले दोन महिने मंडळात नुसता जाळ होता. पळपुटा काय, भित्रा काय, आपल्या सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलं काय. आता आपल्या मुलांकडेही संशयानं बघतील म्हणून सगळे चिडले होते. सगळ्यांत मोठा आवाज अध्यक्ष संजीवचा. सरकारी माणसं मेधाच्या घरी चौकशीला येऊन गेल्याचं कळल्यावर तर "मी त्यांच्या सावलीलाही उभा राहणार नाही" असं तो म्हणाला. ऑगस्ट आला, राष्ट्रीय दिनासाठी सगळ्या ब्लॉक्सना झेंडे लागले, आणि मेधानं आपल्या कठड्याला सगळ्यांत मोठा झेंडा लावला. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी खिडकीतून तो बघायचे आणि पोळी करपवायचे.

पण वर्ष उलटलं आणि वारं फिरलं. सौमित्रला अमेरिकेत चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याची बातमी आली. मग हळूहळू बायका मेधाला कोपऱ्यात गाठायला लागल्या. कसं जमवलंत हो? आधी अर्ज केला होता का? परत कधीच येता येत नाही का? आला तर पकडतात का? दिवाळीच्या फराळाला संजीव स्वतः प्रबोधशेजारी चकली खात बसला होता. त्याचा मुलगा तेव्हा अकरावं पार करत होता, हे मी मुद्दाम सांगते. मी त्याला विचारलं, "काय हो, सावली चालते का आता?" तर म्हणाला, "नंदा वहिनी, कुणाच्या खाजगी गोष्टीत आपण नाक खुपसू नये. आणि तुम्हाला दोन मुलीच. तुम्हाला यातलं काय कळणार?"

आणि जयवंतीबद्दल काय म्हणायचे? "भोळी आहे बिचारी." दोन वर्षं फुकट घालवली पोराची. शहाणी असती तर सौमित्रबरोबर रुचिरलाही पाठवलं असतं. पळून गेलेला हुशार ठरला आणि लष्करात गेलेला गाढव. तोंडावर कुणी बोलायचं नाही, पण जिन्यात, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला तिच्या कानावर यायचंच. औक्षणाची प्रथा मात्र त्यांनी गुपचूप बंद केली. पाट कुणी काढले, कुठे ठेवले, देव जाणे.

जयवंतीचा मेधाशी अबोला झाला. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला. एकदा कुणाच्या तरी बारशाला जाताना ती मेधाच्या मजल्यावरून गेली, तेव्हा मेधाच्या चपलांच्या कपाटाला ते पिवळं कुलूप लावलेलं तिनं पाहिलं. लॉकरसाठी दिलेलं. घरी येऊन ती मला म्हणाली, "निदान ते तरी फेकून द्यायचं गं." पण बाहेर कुणासमोर तिनं मेधाविरुद्ध अक्षर काढलं नाही. खाली कॉफीशॉपमध्ये लिम अंकल बसायचे, पूर्वीचे टॅक्सीवाले, त्यांचे दोन्ही मुलगे एन.एस. करून आलेले. शनिवारी रुचिर गणवेशात घरी येताना दिसला की ते त्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. "गुड बॉय, दिस वन गुड बॉय," म्हणायचे. एकदा त्यांनी जयवंतीला विचारलं, "युअर सन फ्रेंड लेह? द टॉल वन?" बोललं की बोललं असणारी ही बाई त्यांना म्हणाली, "स्टडींग ओव्हरसीज, अंकल." अंकलनी तिच्याकडे बघितलं आणि कप उचलला.

"खोटं का बोललीस?" मी चिडले.

"माझ्या हातचं खाल्लंय त्यानं," ती म्हणाली. "आणि मला फक्त एकच विचारायचंय मेधाला. मला का नाही सांगितलं? तेवढं कळलं की माझं झालं."

तो एक प्रश्न तिनं दोन वर्षं धरून ठेवला. तिला वाटायचं, उत्तर काहीतरी असेलच. मेधा घाबरली असेल, प्रबोधनं शपथ घातली असेल, रडत रडत एक दिवस येईल आणि सांगेल. त्या उत्तरावर ती मैत्री परत जोडायला तयार होती. मला ते दिसत होतं आणि मला तिचाही राग यायचा.

मेधा आली, पण रडत नाही आली. २०१६ ची सुरुवात होती, रुचिरचे शेवटचे थोडे महिने उरले होते. शनिवार दुपार. मी जयवंतीकडे पापड लाटायला बसले होते, शामकांत पेपर वाचत होता, रुचिर आत झोपला होता. बेल वाजली. दारात मेधा, हातात ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा. रुचिरला आवडतात त्या.

जयवंतीनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. मेधा सोफ्याच्या कडेवर बसली. बाई वाळली होती, ते मान्य करते. इकडचं तिकडचं थोडं झाल्यावर ती मुद्द्यावर आली. त्यांच्या इथे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडलं होतं आणि सौमित्रचा खटला डोक्यावर होता. वकिलाचं म्हणणं, त्या दिवसांत मुलाची मनःस्थिती बिघडली होती असं दाखवता आलं तर निभावेल.

"रुचिर त्याचा इतका जवळचा मित्र," मेधा म्हणाली. "त्यानं वकिलाला एवढंच सांगायचं, की सौमित्र फार घाबरला होता. झोपत नव्हता, रडायचा. आणि रुचिर स्वतः एन.एस. करतोय, त्याच्या शब्दाला वजन येईल."

जयवंती शांतपणे म्हणाली, "रडायचा? पाटावर बसून पेढा खात होता गं तो. तूच भरवलास."

"जया, आईच्या जागी येऊन बघ."

"मी आईच्याच जागी आहे. तू मला एक सांग. मला का नाही सांगितलंस?"

मेधानं डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. "काय सांगायचं होतं? तुला कळलं असतं तर तूही रुचिरला घेऊन निघाली असतीस. समोरासमोरच्या ब्लॉकमधली, एकाच तारखेची दोन पोरं एकदम गेली असती तर लगेच कळलं असतं सगळ्यांना. तुम्ही सगळी तयारी करत होता, म्हणून कुणी आमच्याकडे बघितलं नाही."

शामकांतनं पेपर खाली ठेवला. दोन वर्षं ज्या उत्तराची वाट बघितली ते हे होतं. आपला रुचिर त्यांच्या पोराला निसटायला आडोसा म्हणून उभा केला होता. ठेपले, फेरी, "आपण चौघं जाऊ", सगळं त्यासाठीच. मला वाटलं आता जयवंती तिला हाताला धरून बाहेर काढेल. मी काढली असती.

तेवढ्यात रुचिर आतून बाहेर आला. बारीक कापलेले केस, उन्हानं रापलेला, आईपेक्षा हातभर उंच. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मावशी, मी खोटं नाही सांगणार," तो म्हणाला. "सौमित्र घाबरला नव्हता. ही वॉज फाइन."

"तुला काय माहीत रे त्याच्या मनातलं?"

"त्यानंच सांगितलं होतं मला. पाडव्याच्या प्रोग्रॅमच्या आधी. तिकीट पण दाखवलं. मला म्हणाला, तू पण चल."

मेधाचा चेहरा उतरला. ती उठली, डबा तिथेच ठेवून दाराकडे गेली आणि चपला पायात सरकवून निघून गेली. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. जयवंती मुलाकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं. "मी दही घातलं तुझ्या हातावर, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"त्या हॉलमध्ये मी दाराकडे बघत बसले होते. तेव्हाही?"

"हो, मा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आता ऐका. तोच प्रश्न तिनं आत्ताच एकीला विचारला होता. रुचिर खाली बघून म्हणाला, "सांगितलं असतं तर तू मला पण काढलं असतंस ना. त्याच प्लेनमध्ये बसवलं असतंस. आणि मला जायचं होतं. आय वॉन्टेड टू गो, मा. माझे सगळे फ्रेंड्स जात होते. मला इथे राहायचं होतं लाह."

शामकांत काहीतरी बोलायला गेला, पण जयवंतीनं हात वर करून त्याला थांबवलं. मग ती पापडाच्या पिठापाशी येऊन बसली आणि लाटायला लागली. करंज्या कुणीच खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, रुचिर कॅम्पवर परत निघाला तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या दारी गेले. दर रविवारी ती त्याच्या हातावर दही घालायची, दोन वर्षांत एकदाही चुकली नव्हती. आजही वाटी घेऊन दारात उभी होती. दही घातलं, त्यानं चाटलं, वाकून नमस्कार केला, "येतो" म्हणाला. तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. लिफ्टचं दार बंद झालं तरी ती तिथेच उभी होती.

"मेधानं म्हटलं ते मी गिळलं असतं," ती म्हणाली. "ती परकीच निघाली. पण पोरानंही तेच म्हणावं? शब्दाला शब्द तेच? दोन वर्षं मला वाटत होतं, निदान माझ्या घरात मला ओळखतात. मी ताठ मानेनं फिरत होते गं."

मी म्हणाले, "अगं, पोरं बोलतात काहीतरी. तू थोडीच नेलं असतंस त्याला? तू बोललं की बोललं असणारी."

तिनं वाटीतलं उरलेलं दही चमच्यानं उगाच ढवळलं.

"नेलं असतं नंदा," ती म्हणाली. "त्याच रात्री नेलं असतं. आणि ते माझ्या पोराला माहीत होतं."